नोंदवही आणि किल्ली

दिंडोरीत नोकरी लागली तेव्हा खोली शोधत होतो. भाडे ठरले, अनामत ठरली. मग घरमालकाने आडनाव विचारले. दुसऱ्या दिवशी खोली 'पाहुण्यांसाठी ठेवली' होती. हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही, आणि नवाही नाही.

१९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शहरात त्यांना जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेच्या रखवालदाराने दीड रुपया रोजाने त्यांना ठेवून घेतले. पण धर्मशाळा पारशांपुरती, आणि नोंदवही वरिष्ठ तपासणार. म्हणून वहीत पारशी नाव घालावे लागले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी लाठ्या घेऊन आले व बाबासाहेबांना बाहेर पडावे लागले. रखवालदाराने पैशासाठी नियम वाकवला, लाठ्यांनी तो पुन्हा सरळ केला. राहायला आलेल्या माणसाची विद्वत्ता कोणाच्याच हिशेबात नव्हती.

पुढे १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आला. १९७६ साली तोच नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. धर्मशाळेत अटकाव करणे, तसेच कोणत्याही गावात वा वस्तीत घर घेण्यास किंवा राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे, हा गुन्हा ठरला. असा गुन्हा अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडल्यास कारण अस्पृश्यताच होते असे न्यायालयाने गृहीत धरायचे. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे. कायदा इतका स्पष्ट असताना तो खोलीच्या उंबऱ्याशी का अडतो? कारण नकार तोंडी असतो. त्याला ना कागद, ना साक्षीदार.

२०२० साली केंद्र सरकारने शहरी गरीब व स्थलांतरित मजुरांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना जाहीर केली. संकुल चालविण्याचा करार पंचवीस वर्षांचा. खोल्या देताना अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य देता येईल, असेही तीत म्हटले होते. पण किल्ली असते व्यवस्थापकाच्या हाती. भाडेवसुली, डागडुजी, करारनामा हे सारे त्याला शिकवले जाते. आमची मागणी आहे की त्याच्या शिक्षणाचा पहिला धडा हा असावा: प्रत्येक अर्जाला क्रमांक, अर्जदाराला पोच, आणि नकार दिल्यास त्याचे लेखी कारण.

याच तालुक्यातील आंबे गावी जन्मलेल्या दादासाहेब गायकवाडांनी १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह लढवला. ते बंद दार साऱ्या देशाने पाहिले. भाड्याच्या खोलीचे दार मात्र एकेकट्यासमोर, गुपचूप बंद होते. ते जगाला दिसायचे असेल तर नोंदवही आपण मागितली पाहिजे.