गोलखांबांमधला माणूस

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या बास्केटबॉल मैदानावर शेवाळ धरले होते आणि मुलांचा सराव बंद होता. नववीतला एक मुलगा माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "सर, व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये जिंकायचे तर सगळ्यांत महत्त्वाची जागा कोणती?" माझा विषय इतिहास, बास्केटबॉल मी कधी खेळलो नाही. पण शिक्षकाने विद्यार्थ्याला रिकाम्या हाती परत पाठवू नये, 'उद्या ये' म्हणावे, असा माझा शिरस्ता आहे. मी 'उद्या ये' म्हटले आणि रात्री वाचायला बसलो.

बास्केटबॉलमध्ये एका बाजूला पाचच खेळाडू आणि टोपली जमिनीपासून दहा फूट उंच. तेव्हा टोपलीजवळ उभा राहणारा उंच माणूस, ज्याला 'सेंटर' म्हणतात, तोच संघाचा कणा, अशी समजूत होणे साहजिक होते. बॉस्टनच्या बिल रसेल या सेंटरने १९५७ ते १९६९ या तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदे मिळवून या समजुतीवर जणू शिक्कामोर्तबच केले. पुढे १९८४ साली अमेरिकेत नवोदित खेळाडूंची निवड झाली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर ह्यूस्टनने हकीम ओलाजुवान हा सेंटर घेतला, दुसऱ्या क्रमांकावर पोर्टलंडने सॅम बोवी हाही सेंटरच घेतला. तिसऱ्या क्रमांकावर शिकागोच्या वाट्याला आला मायकेल जॉर्डन. पोर्टलंडचा हिशेब वरवर चुकीचा नव्हता. जॉर्डनच्या जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर त्यांच्याकडे होता, उणीव होती ती उंच माणसाची. त्यांनी माणूस पाहिला नाही, जागा पाहिली. जॉर्डनने पुढे शिकागोला सहा अजिंक्यपदे मिळवून दिली. अर्थात ओलाजुवाननेही १९९४ आणि १९९५ साली ह्यूस्टनला अजिंक्य केले, तेव्हा सेंटरची जागा खोटी म्हणता येत नाही. खोटा ठरला तो फक्त हिशेब.

हे वाचता वाचता माझे मन मात्र वास्कोच्या टिळक मैदानाकडे वळले. कारण १९८४ हेच साल आम्हा गोवेकरांच्या वेगळ्याच कारणाने लक्षात आहे, आणि हाच प्रश्न आमच्या गावात फुटबॉलच्या निमित्ताने किती वर्षे चघळला जातो आहे!

बेळगाव-खानापूरकडचे वाचक लोंढ्यामार्गे घाट उतरून गाडीने वास्कोला येतात. रूळ संपतात तिथून टिळक मैदान पायी जाण्याइतके जवळ आहे. गोव्यात फुटबॉल आणला तो १८८३ साली शिवोलीला आलेल्या फादर विल्यम लायन्स या धर्मगुरूने, असे इतिहास सांगतो. वास्को स्पोर्ट्स क्लब १९५१ सालचा, साळगावकर संघ १९५६ सालचा. पुढे गोवा मुक्त झाला, मुरगाव बंदरातून खनिज परदेशी जात राहिले आणि खाण-व्यवसायातल्या घराण्यांनी फुटबॉलला आश्रय दिला. चांगल्या खेळाडूला कंपनीत नोकरी मिळू लागली. घरी मराठी वर्तमानपत्र वाचणारी आमच्यासारखी कुटुंबे आणि रविवारी चर्चला जाणारे आमचे शेजारी मैदानात एकाच बाकावर बसून एकाच कोकणीत पंचाला शिव्या देत. भाषेचे वाद गावात होते, मैदानात नव्हते. तिथे वाद एकच : संघात मोठा कोण? कुणी आघाडीवीराची बाजू घेई, कुणी मधल्या फळीची.

याचा निवाडा दोन वर्षांच्या इतिहासाने बऱ्याच अंशी केला आहे, असे मला वाटते. १९८३ साली कोलकात्यात संतोष करंडकाच्या अंतिम फेरीत गोव्याची गाठ बंगालशी पडली. सामना शून्य-शून्य सुटला. पुन्हा खेळवला, पुन्हा शून्य-शून्य. शेवटी दोन्ही संघांना संयुक्त विजेते जाहीर केले. बंगालला त्यांच्या घरच्या मैदानात दोनदा गोल करू न देणारा आमचा गोलरक्षक होता ब्रह्मानंद शंखवाळकर. त्याच्या आडनावातले शंखवाळ, म्हणजे आजचे सांकवाळ, आमच्या मुरगाव तालुक्यातलेच. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. आमच्या वाड्यावरची सगळी मुले आठवडाभर धुळीत आडव्या उड्या मारत होती.

पुढच्या वर्षी, १९८४ साली, अंतिम फेरीत समोर पंजाब होता. गोव्याने एक-शून्य असा सामना जिंकला आणि करंडक अखंड गोव्यात आला. दोन्ही अंतिम लढती शेजारी ठेवून पाहाव्यात. तिन्ही सामन्यांत मागचे दार बंदच राहिले. पहिल्या वर्षी पुढे गोल झाला नाही म्हणून करंडक अर्धा मिळाला, दुसऱ्या वर्षी एकच गोल झाला आणि तो पूर्ण झाला. म्हणजे गोलरक्षक संघाला हरू देत नाही, पण जिंकायला पुढचा माणूस लागतोच. तरीही यात एक क्रम आहे. मागे शून्य असेल तर पुढचा एक गोल पुरतो. मागे भगदाड असेल तर पुढचे तीनही पुरत नाहीत.

याचे दुसरे उदाहरण अलीकडचे. २०१०-११ च्या आय-लीग स्पर्धेत धेंपो संघाच्या रँटी मार्टिन्सने तब्बल ३० गोल केले. एवढे गोल दुसऱ्या कुणाचेही नव्हते. तरी अजिंक्यपद गेले वास्कोच्या साळगावकर संघाकडे. आता प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की पुढच्याच हंगामात मार्टिन्सने ३२ गोल केले आणि धेंपो अजिंक्य ठरला. आघाडीवीर हंगाम जिंकून देऊ शकतो. मात्र एकटा जिंकून देईलच याची हमी नाही.

बास्केटबॉल आणि फुटबॉल यांतला भेद इथेच आहे. पाचांच्या खेळात एक असामान्य खेळाडू चेंडू जवळजवळ प्रत्येक वेळी आपल्या हातात घेऊ शकतो. त्यात गुणही ढिगाने होतात, एक चूक पुढच्या मिनिटाला भरून निघते. फुटबॉलमध्ये अकरा जण, मैदान विस्तीर्ण आणि गोल दुर्मीळ. आघाडीवीर पाच संधी दवडून सहाव्या संधीवर नायक होतो. बचावपटू चुकला तर मागे गोलरक्षक असतो. गोलरक्षकाच्या मागे जाळीखेरीज काहीच नसते. २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच चौकट एकट्याने राखायची. म्हणून माझे उत्तर असे, की ज्या जागेवरची चूक दुसरा कुणी सावरू शकत नाही, ती जागा सर्वांत मोलाची.

जगाचा न्याय मात्र उलटा आहे. युरोपातला 'बॅलन डी'ओर' हा मानाचा किताब १९५६ सालापासून दिला जातो. तो मिळालेला गोलरक्षक आजवर एकच, रशियाचा लेव याशिन, १९६३ साली. आमच्या शंखवाळकरांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९९७ साली, म्हणजे त्या दोन अंतिम लढतींनंतर तब्बल तेरा-चौदा वर्षांनी.

आणि जगाला नावे ठेवण्याचा मला तरी काय अधिकार? नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत शाळेचा फुटबॉल संघ माझ्याकडे होता. चपळ मुले पुढे खेळायला धावली, गोलात उभे राहायला कुणी तयार होईना. संघातला सर्वांत जड, सर्वांत गरीब स्वभावाचा मुलगा मी तिथे उभा केला. सराव त्याला दिला नाही, कारण 'नुसते उभेच तर राहायचे'. आंतरशालेय सामन्यात त्याच्यावर चार गोल झाले. परतताना गाडीत त्याच्या शेजारी कुणी बसले नाही, आणि मीही उठून त्याच्याजवळ गेलो नाही. तो मुलगा पुन्हा मैदानात दिसला नाही. पोर्टलंडवाल्यांनी निदान जागेचा विचार तरी केला होता. मी ना जागेचा केला, ना माणसाचा. त्यानंतर संघ निवडताना मी पहिले नाव गोलरक्षकाचे लिहू लागलो, पण त्या मुलाला त्याचा काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी तो नववीतला मुलगा आला. मी त्याला रसेल, जॉर्डन सांगितले, संतोष करंडकाच्या दोन्ही अंतिम लढतीही सांगितल्या. त्याने सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, "पण सर, मी कुठे खेळू?" तेव्हा कळले, की त्याला जगातल्या नव्हे, संघातल्या आपल्या जागेची काळजी होती. उंची बेताची, सेंटर होणे नशिबात नाही, असे कुणीतरी त्याच्या मनात भरवले होते.

शेवाळ खरवडून झाले त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी स्वतः मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसलो. पाचही जागांवर त्याला आळीपाळीने खेळवा, असे क्रीडाशिक्षकांना सांगितले. त्याची जागा कोणती ते अजून ठरलेले नाही. घाई कुणालाच नाही.