मोर, माळरान आणि रिकामे गाव

बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगररांगेवर नायगाव मयूर अभयारण्य आहे. सुमारे ३० चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र १९९४ मध्ये, १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वये घोषित झाले. तो कायदा संमत झाला त्या वर्षी मराठवाडा दुष्काळी कामांवर खडी फोडत होता, आणि त्या दुष्काळानंतरच बीडमधून ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर वाढत गेले. या दोन गोष्टी एकत्र वाचण्याची आपल्याला सवय नाही.

लोकसहभागाचा विषय निघाला की गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाचा दाखला हमखास दिला जातो, आणि तो रास्तच आहे. सर्वसहमतीने निर्णय घेणाऱ्या तेथील ग्रामसभेला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ पासून बांबूच्या वाहतुकीचे परवानेही तीच देऊ लागली. मात्र या सर्वसहमतीला एक अट आहे, जिची नोंद सहसा होत नाही : माणसे गावात असावी लागतात.

बीडमध्ये दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचे 'कोयते', म्हणजे नवराबायकोच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. परततात ते उन्हाळ्याच्या तोंडावर. २००६ चा वनहक्क कायदा बिगर-आदिवासी वननिवासींकडे तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या, वास्तव्याचा पुरावा मागतो. ज्यांचे अर्धे वर्ष फडावरच्या कोपीत सरते, त्यांनी 'निवासी' या शब्दाचा अर्थ काय लावावा? २६ जानेवारीची ग्रामसभा भरते, तेव्हा ही माणसे कोणाच्या तरी उसात असतात.