गढूळ बॅग

परंडा तालुक्यातल्या शेतवस्तीवर पोटाचं डायलिसिस हातचं कसं जातं, त्याचा हा घटनाक्रम. तो कुणा एका रुग्णाचा नाही. या डायलिसिसमध्ये पोटात होणारं इन्फेक्शन बिघडतं ते साधारण याच वाटेने.

सोमवार, सकाळी 6. शेळीची धार काढून रुग्ण बॅग बदलायला बसतो. दिवसातून चारदा, दर वेळी दोन लिटर द्रव. हात साबणाने धुतले, पण टँकरच्या साठवलेल्या पाण्याने, आणि कोरडे केले नाहीत. ओलं बोट पोटात बसवलेल्या नळीच्या उघड्या तोंडाला निसटतं लागतं. एरवी या इन्फेक्शनमागे अनेकदा कातडीवरचे स्टॅफिलोकोकाय असतात. साठवणीच्या पाण्यातून मात्र स्फिंगोमोनास, ॲसिनेटोबॅक्टर असे क्वचित आढळणारे जंतू शिरू शकतात.

रात्री 10. पोटात बारीक कळ. जेवण बाधलं असेल, असं घरात ठरतं.

मंगळवार, सकाळी 6. पोटातून बाहेर आलेला द्रव गढूळ. बॅगेमागे छापील कागद धरला तर अक्षर लागत नाही. खरा घात इथे होतो: बॅग मोरीत रिकामी केली जाते. तपासणीचा सगळ्यात मोलाचा नमुना गेला.

सकाळी 11. मेडिकलमधून आणलेली अँटिबायोटिकची गोळी. आता कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, काही सापडणं आणखी अवघड.

संध्याकाळी 6. ताप, उलट्या, पोट कडक. "आता निघा हो," बायको म्हणते.

रात्री 9. रुग्णालय. द्रवाच्या दर मायक्रोलिटरमागे 100 हून जास्त पांढऱ्या पेशी, त्यात निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल. शिवाय पोटदुखी. निदान पक्कं. कल्चरच्या रिपोर्टची वाट न पाहता अँटिबायोटिक औषध बॅगेतूनच पोटात सोडतात, आणि ते योग्यच आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या रुग्णांचा 2016 सालचा अभ्यास सांगतो की रुग्णालयात पोहोचल्यानंतरही औषधाला होणारा दर तासाचा उशीर डायलिसिस बंद पडण्याचा किंवा मृत्यूचा धोका 5.5 टक्क्यांनी वाढवतो. इथे तर आधीचे पंधरा तास घरातच गेले.

शुक्रवार. कल्चरमध्ये काहीच वाढलेलं नाही. नेमका जंतू कळत नाही, औषध अंदाजाने चालू.

रविवार, रात्री 9. पाच दिवस उलटले, द्रव गढूळच. नळी काढावी लागते. यापुढे आठवड्यातून तीनदा शहर, चार-चार तास डायलिसिसचं मशीन आणि बुडालेली मजुरी.

तुमच्या घरी कुणी पोटाचं डायलिसिस करत असेल तर हात धुऊन पूर्ण कोरडे करा. बॅग गढूळ दिसली तर ओतू नका, गोळी घेऊ नका. डॉक्टरांना फोन करा आणि ती बॅग घेऊनच ताबडतोब निघा.