सीमा आणि साक्ष

नवनगरातील दोन घरांमधले कुंपण हा विषय क्षुल्लक वाटेल. पण त्याची परंपरा मोठी आहे. हा प्रदेश ज्यांच्या राज्यात होता, त्या सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या (१०७६–११२६) राजधानीत, कल्याणीस, विज्ञानेश्वरांनी याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ टीका लिहिली. स्मृतीत सीमावादाचे स्वतंत्र प्रकरण आहे. शेजारी, वृद्ध, गुराखी यांनी तांबडी वस्त्रे व माळा धारण करून, मस्तकी माती घेऊन सीमा दाखवावयाची. खोटे बोलल्यास राजदंड. पुढे १८३५ साली इंदापुरापासून गोल्डस्मिड-विंगेट यांची मोजणी सुरू झाली, ती धारवाडकडेही आली आणि साक्षीपेक्षा नकाशा थोर ठरला. सोय झाली खरी; परंतु शेजारी हा सीमेचा केवळ हक्कदार नव्हे, साक्षीदारही असतो, हे मला विसरण्याजोगे वाटत नाही. बांध कोरणारा आधी ती साक्षच कोरत असतो.