तारेची चाळणी

रात्री मीडियम वेव्हवर खरखर वाढली, की अब्बा ट्रान्झिस्टर उचलून हळूहळू फिरवत. एका कोनात खरखर विरायची आणि बातम्या स्वच्छ ऐकू यायच्या. मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. त्यामुळे या फिरवण्यामागचं विज्ञान मला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा सोबत एक इतिहासही हाती लागला. तोच आज आपल्याला सांगतो.

मे १९४० मध्ये जर्मनीनं नेदरलँड्सचा ताबा घेतला. राणी विल्हेल्मिना लंडनला गेल्या. २८ जुलै १९४० रोजी बीबीसीवरून ‘रेडिओ ओरान्ये’ हा डच कार्यक्रम सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी राणी स्वतः बोलल्या. असली केंद्रं ऐकायला मनाई होती, तरी लोक दारं लावून ऐकत. मग जर्मनांनी त्याच लहरींवर घरघर सोडून तो आवाज बुडवायला सुरुवात केली.

त्यावर डच लोकांनी घरगुती उपाय काढला. लाकडी चौकटीवर तारेचे वेढे गुंडाळायचे आणि ती रेडिओला जोडायची. तिचं नाव पडलं ‘मोफेनझेफ’. ‘मोफ’ ही जर्मनांना हिणवणारी शिवी, ‘झेफ’ म्हणजे चाळणी.

ही चाळणी चालते कशी? चौकटीची कड केंद्राकडे असली, तर आवाज सर्वांत जोरात येतो. तसबिरीसारखं तिचं तोंड केंद्राकडे केलं, तर तो जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून तोंड करायचं ते घरघरीच्या दिशेला. मात्र घरघर आणि लंडन एकाच रेषेत आले, तर चाळणीचा इलाज चालत नसे.

आता आकाराचं गणित. चौकट किती लहर पकडेल, हे तिच्या आतल्या क्षेत्रफळावर आणि वेढ्यांवर ठरतं. चार मीटर तारेचा चौरस केला, तर आत एक चौरस मीटर जागा येते. वर्तुळ केलं, तर सुमारे सव्वा. दीड मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आयत केला, तर पाऊणच. चौरसाची बाजू दुप्पट केली, की क्षेत्रफळ चौपट. पण नको ती दिशा गाळण्याचा गुण लहान चौकटीतही असतो. मे १९४३ मध्ये जर्मनांनी रेडिओच जप्त करायचा हुकूम काढला. मोठी चौकट जास्त पकडते हे खरं, पण ती लपवायची कुठे?

याच गुणाची दुसरी बाजू क्रूर होती. गुप्त संदेश पाठवणाऱ्यांचा माग जर्मन अशाच फिरत्या चौकटींनी काढत. आवाज जिथे मावळतो, ती दिशा नकाशावर आखायची. दोन ठिकाणांहून आखलेल्या रेषा जिथे छेदतात, तिथे छापा.

अब्बांच्या ट्रान्झिस्टरमध्ये चौकट नव्हती. फेराइटच्या बोटभर कांडीवर बारीक तारेचे पुष्कळ वेढे होते. वेढ्यांमधली जागा कमी, ती उणीव फेराइट भरून काढी. नियम मात्र तोच. आज तो ट्रान्झिस्टर हाती घेतला, की दारं लावून चौकट फिरवणारी ती डच माणसं डोळ्यांपुढे येतात. अब्बांना फक्त खरखर चुकवायची होती. त्या माणसांना तुरुंगही चुकवायचा होता.