माळवदावरची माती

मार्कलिखित शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूम गावातल्या एका घराची गोष्ट आहे. गर्दीमुळे दारातून शिरता येईना, म्हणून चौघा जणांनी एका पक्षाघाती माणसाला खाटेसह घरावर नेले, छप्पर उकरले आणि त्याला प्रभू येशूपुढे अलगद खाली सोडले. कौलारू घरांत वाढलेल्या वसईकर भाविकाला यातले 'उकरणे' नीट उमगत नाही. कौले काढता येतात. ती उकरायची कशी? मराठवाड्यातल्या श्रोत्याला मात्र हा उतारा समजावून सांगावा लागत नाही. छप्पर म्हणजे माती, आणि माती उकरावीच लागते, हे त्याला जन्मापासून ठाऊक असते.

हे साम्य केवळ वरवरचे नाही. फ्रान्सिस्कन संघाच्या संशोधकांनी १९६८ पासून कफर्णहूम येथे जे उत्खनन केले, त्यात सापडलेली घरे काळ्या बसाल्ट दगडाची आहेत. दगड ओबडधोबड, सांध्यांत बारीक चिपा आणि माती, वर लाकडे व फांद्या टाकून त्यांवर मातीचा थर. लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातल्या किल्लारी गावाची जुनी घरे याच काळ्या दगडाची, याच पद्धतीची होती. दख्खनचे पठार आणि गालील या दोन्ही ठिकाणी ज्वालामुखीच्या रसाचा खडक पायांखाली होता. जे पायांखाली होते त्यातूनच गरिबाने घर उभे केले.

या घराचा इतिहास लिहिणे म्हणजे मराठवाड्याच्या काटकसरीचा इतिहास लिहिणे होय. हल्ली 'पर्यावरणस्नेही' हा शब्द फार ऐकू येतो. किल्लारी परिसरातल्या गृहिणीला तो शब्द माहीत नव्हता, पण तिच्या घरातून बाहेर टाकण्यासारखे जवळजवळ काही निघत नसे. ज्वारीची कणसे माणसांना, कडबा जनावरांना. तुरीच्या तुराट्या आणि कापसाच्या पऱ्हाट्या चुलीत जात. कुडाच्या भिंतीही तुराट्यांच्याच होत. शेणाच्या गोवऱ्या, गोवऱ्यांची राख, राखेने घासलेली भांडी. तीच राख कडधान्याला चोळून ठेवली म्हणजे भुंगा लागत नाही. ज्वारीच्या थरांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायचा. खरकटे पाणी म्हशीच्या घमेल्यात, न्हाणीचे पाणी परसातल्या लिंबाला. गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची आणि गाळ बसला की वरचे पाणी रांजणात ओतायचे. लुगडे विरले की त्याची वाकळ, वाकळ विरली की पोतेरे. उरलेसुरले उकिरड्यावर, आणि उकिरडा उन्हाळ्यात शेतात. या पाळीत खंड नव्हता. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. राजवटी बदलल्या, पण चूल, जाते आणि रांजण यांच्या कामात फारसा फरक पडला नाही. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी परदेशी मिलो खाल्ली. ती शिजली तऱ्हा तीच, जळण तेच.

धान्य साठवण्याच्या रीतीबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे. घराच्या जाड भिंतीत बळद असे, आणि जमिनीच्या पोटात पेव. पेवाला कडब्याचे अस्तर लावून त्यात ज्वारी भरत व तोंड मातीने बंद करीत. आत हवा नाही म्हणून कीड नाही. पैसाही लागत नाही, औषधही लागत नाही. परंतु या बंद पेवात विषारी हवा साठते. उघडल्याबरोबर आत उतरणारा माणूस गुदमरून मरतो. म्हणून पेव उघडले की काही काळ तसेच ठेवायचे आणि मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. तो विझला नाही तरच माणसाने उतरायचे. सवय आणि सवयीतला धोका, दोन्हींची शिकवण एकत्रच पुढच्या पिढीला मिळे. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण माळवदाच्या बाबतीत असे झाले नाही.

माळवद म्हणजे या घराचे धाब्याचे छप्पर. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पाला आणि सर्वांत वर पांढरी चिकट माती. ही माती पावसात फुगून आपली छिद्रे आपणच बुजवते. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला तरी आत गारवा राही. माळवदावर मिरच्या वाळत, पापड-कुरडया वाळत, चैत्र-वैशाखात सगळे घर तेथेच निजे. फुकटची माती, घरची मेहनत, आणि वीज न जाळता मिळणारा गारवा. घर बांधण्याची याहून शहाणी रीत शोधून सापडणार नाही, असे कोणालाही वाटावे.

परंतु माळवद गळते. पावसाने माती वाहून जाते, घुशी बिळे करतात, भेगा पडतात. म्हणून मृगाच्या आधी काही टोपल्या नवी माती टाकून ती चोपायची. आईने टाकली, सुनेने टाकली, नातसुनेने टाकली. जुनी माती उतरवून नवी घालणे अवघड. नुसती वर टाकणे सोपे. अशा रीतीने थर वाढत गेला. भूकंपानंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना कित्येक घरांवर दोन फूट आणि त्याहून जाड थर आढळले. वाचकांनी स्वतः हिशेब करून पाहावा. कोरड्या मातीचे वजन घनफुटाला साधारण पंचेचाळीस किलो धरले, तर दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवरच्या दोन फूट थराचे वजन नऊ हजार किलो होते. नऊ टन. त्याखाली कुटुंब झोपलेले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना जमीन हलली. गणेशविसर्जन आटोपून दमलेली गावे गाढ झोपेत होती. धक्क्याची तीव्रता सहाच्या थोडी वर होती. जगाच्या मानाने हा फार मोठा भूकंप नव्हे. पण लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे मेली. किल्लारी आणि तेरणेच्या पलीकडचे सास्तूर ही नावे त्या सकाळी जगाला कळली. या पठाराला भूकंपाचे भय नाही, अशी समजूत होती. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने तिला तडा दिला होता, तरी किल्लारीचा परिसर नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यातच राहिला. १९९२ मध्ये तेथे लहान धक्के जाणवले होते. लोक काही रात्री बाहेर निजले आणि मग पुन्हा घरात गेले. दुसरे काय करणार?

मृत्यूचे कारण एकटी माती नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. भिंती दोन-अडीच फूट जाड, पण त्या खरे तर दोन भिंती होत्या, एक आतली व एक बाहेरची, आणि मधल्या पोकळीत चिपा व माती. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. हादरा बसताच भिंतीची दोन्ही अंगे सुटली. जेथे चांगले सागवानी खांब आणि खणांची चौकट होती, तेथे अनेकदा भिंती ढासळल्या तरी माळवद खांबांवर तसेच उभे राहिले. परंतु लाकूड महागले तसे गरिबाने खांब गाळले आणि तुळया थेट दगडी भिंतींवर टेकवल्या. तेथे भिंतीबरोबर सारेच खाली आले. आणि ज्यांची ऐपत मातीच्या छपराचीही नव्हती, जे गावकुसाबाहेर कुडाच्या झोपडीत राहत, त्यांच्यापैकी बरेच वाचले. दगडी घराला प्रतिष्ठा होती. त्या रात्री ती उलटली. यावर प्रवचन करण्याचा मोह कोणाही धर्मगुरूला होईल. मला होत नाही. झोपडीत राहणे हा त्यांचा शहाणपणा नव्हता, तो त्यांच्यावर लादलेला होता.

त्या वेळी मी सेमिनरीत शिकत होतो. आमच्या अंगणात मदतीच्या कपड्यांचे ढीग जमले होते आणि आम्ही ते निवडत होतो. फाटलेले, बटणे नसलेले, कधी न धुतलेलेही. दात्यांच्या दृष्टीने त्यांच्या घरातली अडगळ सत्कारणी लागत होती. जिने आयुष्यभर आपले विरलेले लुगडे स्वतः शिवून वाकळ केली, तिच्याकडे आपण आपली अडगळ पाठवत आहोत, हे ध्यानात यायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

राज्य शासनाने जागतिक बँकेच्या कर्जाच्या आधारे पुनर्वसनाचा फार मोठा कार्यक्रम हाती घेतला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. जमीनधारणेप्रमाणे अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची घरे देण्यात आली. सिमेंटची, पट्टे घातलेली, भूकंपात टिकणारी. देशविदेशातील कितीतरी संस्थांनी गावे दत्तक घेतली. हे काम मोठे होते आणि त्याची निंदा करणाऱ्याने आधी ढिगाऱ्यांची छायाचित्रे पाहावीत. पण नव्या गावात रस्ते रुंद व सरळ होते, घरे विखुरलेली होती, आणि घरात चुलीला, बैलाला, कडब्याला, गोवऱ्यांना जागा नव्हती. बळद नाही, पेव नाही, परस नावापुरते. शौचकुपाला पाणी नाही म्हणून त्यात सरपण ठेवले गेले. स्लॅब वैशाखात तव्यासारखी तापे, म्हणून लोकांनी दारापुढे पत्र्याची, तुराट्यांची छपरे उभारली. एका फटक्यात घर मजबूत झाले आणि त्या घरातली पाळी तुटली. न्हाणीचे पाणी पाजायला लिंब नाही; राख ठेवायची तर चूल बाहेर. पुढे ज्वारीच्या जागी सोयाबीन आणि ऊस आले, कडबा कमी झाला, जनावरे कमी झाली, गॅस आला. गॅसबद्दल मी तक्रार करणार नाही. चुलीचा धूर बायकांच्या छातीत किती बसला, हे ज्याने त्यांचा रात्रीचा खोकला ऐकला आहे त्याने जुन्या चुलीचे गोडवे गाऊ नयेत. पण २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले, तेव्हा रांजणाच्या तळाचे पाणीही वाया न घालवणाऱ्या त्या जुन्या हातांची आठवण अनेकांना झाली असेल.

दुसरे काम कमी नजरेत भरले, पण माझ्या मते ते अधिक खोल गेले. जी गावे हलवली नाहीत, तेथील घरे जागेवरच दुरुस्त करायची होती. या कामात लोकसहभागाची जबाबदारी 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेकडे आली. प्रेमा गोपालन या तिच्या संस्थापक. गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. घर सारवणाऱ्या, माळवदावर माती टाकणाऱ्या त्याच बायका आता आरपार दगड कोठे हवा, पट्टा किती उंचीवर हवा हे गवंड्याला विचारू लागल्या. २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला तेव्हा त्यांच्यापैकी काही जणी तेथल्या बायकांशी बोलायला गेल्या. याच संस्थेने पुढे मराठवाड्यातील शेतकरी महिलांबरोबर एक एकराची शेती उभी केली: थोड्या जमिनीत घरच्या ताटाला लागणारी अनेक पिके, घरचे बी, घरचे खत, कमी पाणी. २०१७ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तुटलेली पाळी तेथे वेगळ्या रूपात पुन्हा जुळलेली दिसते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात घरातल्या लहानसहान सवयींविषयी लिहिले आहे: पाणी बेताने वापरणे, खाऊ तेवढेच शिजवणे, प्लास्टिक टाळणे, कचरा वेगळा करणे, गरज नसताना दिवे मालवणे. आपल्या चर्चमध्ये या सवयींची यादी पावसाळ्याच्या तोंडावर वाचली जाते. ती ऐकताना किल्लारीकडच्या म्हातारीला हसू येईल. मला मात्र या यादीशेजारी जुन्या करारातील एक लहानसा नियम ठेवावासा वाटतो. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात सांगितले आहे की नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर. तेथून कोणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. सपाट मातीच्या छपरावर वावरणाऱ्या लोकांसाठीच हा नियम झाला. छप्पर कसे करावे हे त्यात नाही, कारण ते सर्वांना येतच होते. छपरामुळे कोण मरू शकेल, एवढेच त्यात पाहिले आहे. पेवात सोडलेला कंदील त्याच जातीचा.

माळवदासाठी असा नियम १९९३ नंतर झाला. मातीचे घर वाईट, असे अभियंत्यांनी सांगितले नाही. त्यांनी सांगितले की खांबांना तिरके टेकू द्या, भिंतीत आरपार बांध घाला, आणि छपरावरची माती वीतभर ठेवून बाकीची उतरवा. गळू नये म्हणून खाली प्लास्टिकचा कागद अंथरा. उपाय स्वस्त होता. तरी दगडावरचा विश्वासच उडाल्यामुळे बहुतेकांनी अनुदानातून सिमेंटची लहान खोली बांधणे पसंत केले. जुने घर दुरुस्त करून त्यातच राहणारे थोडे. त्यांना दोन फुटांचा थर आठ इंचांवर आणायचा होता. दहा बाय दहाच्या एका खोलीवरून सहा टन माती उतरवायची म्हणजे वीस किलोच्या तीनशे टोपल्या. दर मृगाला दोन-चार करीत वर गेलेली ती माती आता शिडीवरून, डोक्यावरून, एकेक टोपली खाली आणावी लागली.