तुटपुंज्या स्मृतीचे तीन खेळ

ज्या व्यासपीठावरून राज्यक्रांत्या, संतवाङ्मय आणि अर्थनीती यांची चर्चा व्हावयाची, तेथे व्हिडिओ गेमचा इतिहास कशाला, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. पण ज्या वस्तूने गेली चाळीस वर्षे जगभरच्या कोट्यवधी मुलांच्या, आणि आता त्या मुलांच्या मुलांच्याही, संध्याकाळी व्यापल्या आहेत, तिच्याकडे इतिहासाच्या अभ्यासकाने पाठ फिरवणे बरे नव्हे. लोक कष्ट कसे करीत हे आपण तपासतो. ते खेळत कसे, हेही तपासले पाहिजे.

जुन्या खेळांविषयी बोलणारे बहुधा दोन पंथांचे असतात. एक म्हणतो, ‘तसे खेळ आता होणे नाही!’ दुसरा आजची लखलखती चित्रे दाखवून जुन्या ठिपक्यांची टवाळी करतो. आमच्या मते पहिल्याच्या बोलण्यात खेळापेक्षा त्याचे स्वतःचे बालपणच अधिक असते, आणि दुसऱ्याच्या बोलण्यात काळाचे भानच नसते. जुना खेळ पुन्हा हाती घेताना दोनच प्रश्न विचारावेत. त्याच्या कर्त्यापुढे अडचण कोणती होती? आणि तीतून त्याने काढलेली वाट आजही चालून जाता येते काय? या कसोटीवर आम्ही तीन खेळ घासून पाहणार आहोत: मॉस्कोचा ‘टेट्रिस’, केंब्रिजचा ‘एलिट’ आणि जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. जून १९८४ ते सप्टेंबर १९८५ या पंधरा महिन्यांत, एकमेकांपासून हजारो मैलांवर, हे तिन्ही जन्मास आले.

त्या वेळची परिस्थिती आधी ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकेत या धंद्याचे नुकतेच दिवाळे वाजले होते. घरगुती व्हिडिओ गेमची तेथील उलाढाल १९८३ च्या सुमारास ३२० कोटी डॉलरांच्या घरात होती. १९८५ पर्यंत ती सुमारे १० कोटींवर घसरल्याचे सांगितले जाते. माल कमी पडला म्हणून हे झाले नाही. मालाचा पूर आला होता, आणि त्यातला बराच टाकाऊ होता. अटारी कंपनीने १९८२ च्या नाताळासाठी ‘ई. टी.’ या गाजलेल्या चित्रपटावरचा खेळ अवघ्या पाच आठवड्यांत करवून घेतला. न खपलेला माल १९८३ च्या सप्टेंबरात न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे कचऱ्याच्या खड्ड्यात पुरण्यात आला. ही दंतकथा असावी असे अनेकांना वाटे. पण एप्रिल २०१४ मध्ये खणून पाहिले तेव्हा खेळ खरोखरच निघाले. सुबत्तेत असा नाश झाला. आता टंचाईत काय घडले ते पाहू.

मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणन केंद्रात अलेक्सेई पाझित्नोव्ह काम करीत. त्यांच्यापुढचा ‘इलेक्ट्रोनिका ६०’ हा संगणक चित्र काढूच शकत नव्हता. त्याला केवळ अक्षरे व चिन्हे उमटवता येत. पाझित्नोव्ह यांनी कंसाची दोन चिन्हे शेजारी ठेवून चौकोन केला आणि चौकोनांचे तुकडे वरून खाली सोडले. पाच चौकोनांच्या तुकड्यांचे बारा आकार होतात. ते माणसाला एका नजरेत पेलत नाहीत. म्हणून त्यांनी चार चौकोन घेतले व आकार सातांवर आणले. रांग भरली की ती नाहीशी व्हावी, या एका नियमाने खेळ पुरा झाला. पुढे व्हादिम गेरासिमोव्ह या शाळकरी वयाच्या मुलाने तो आयबीएम संगणकावर आणला, आणि एकमेकांना दिलेल्या फ्लॉपींवरून तो साऱ्या शहरात पसरला. यात कथा नाही, नायक नाही, भाषाही नाही. म्हणूनच त्याला कोणत्याही देशाच्या सीमेवर दुभाषा लागला नाही. मात्र सोव्हिएत व्यवस्थेत खेळाचे हक्क सरकारकडे गेले, आणि जगभर खपणाऱ्या या खेळाचे मानधन कर्त्याला १९९६ पासून मिळू लागले. खेळाचे मूल्यमापन करताना ही गोष्ट विसरता कामा नये.

दुसरा खेळ केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांचा. डेव्हिड ब्रेबेन व इयन बेल यांनी तो ‘बीबीसी मायक्रो’ या संगणकासाठी लिहिला व तो सप्टेंबर १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. (हाच संगणक त्याच सुमारास भारत सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून आपल्याकडील काही निवडक शाळांत आला होता.) यंत्राची स्मृती सारी मिळून ३२ किलोबाइट. तेवढ्यात या दोघांना आकाशगंगा मांडावयाच्या होत्या. प्रत्येक ग्रहाचे नाव, स्थान, राज्यपद्धती आणि बाजारभाव साठवून ठेवायला जागा कोठली? त्यांनी काहीच साठवले नाही. थोडेसे बीजांक घेऊन ठराविक गणिताने, लागेल तेव्हा, प्रत्येक ग्रह नव्याने मांडला. ज्या मुलाला बेरीज पक्की येते त्याने पाढे पाठ करण्याऐवजी हवा तो पाढा जागच्या जागी तयार करावा, तसा हा प्रकार. या युक्तीने अगणित आकाशगंगा निघू शकत होत्या. प्रकाशकांच्या आग्रहाने त्या आठ ठेवल्या, दर आकाशगंगेत २५६ ग्रह.

त्याहून मोठे धाडस वेगळेच होते. त्या काळी खेळ म्हणजे तीन जीव, वाढते गुण आणि दहा मिनिटांत निकाल. ‘एलिट’मध्ये खेळाडूला एक यान व शंभर नाणी मिळत, आणि पुढे त्याने धान्य विकावे, चोरटा व्यापार करावा की वाटमारी करावी, हे त्याच्या सदसद्विवेकावर सोपवलेले असे. आज खेळून पाहता त्यातले दोषही लपत नाहीत. गरगर फिरणाऱ्या अवकाशस्थानकात यान शिरवणे नवख्याला रडवते, आणि शेदोनशे ग्रह पाहिल्यावर ते सारे एकाच साच्यातले आहेत हे कळून येते. तरीही काळ्या पडद्यावरच्या त्या रेघांच्या यानातून बाहेर पाहताना आपण फार दूर आलो आहोत, असे अजूनही वाटते.

तिसरा खेळ आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. शिगेरू मियामोतो व ताकाशी तेझुका यांचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ जपानात १३ सप्टेंबर १९८५ रोजी आला. त्याचा सारा पसारा ४० किलोबाइटांत मावतो. आज मोबाइलवर काढलेले एक साधे छायाचित्र याच्या कितीतरी पट जागा खाते. आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप नीट पाहावे: आकृती एकच, रंग तेवढा निराळा. मारिओची टोपी व मिशी तर त्याच्या १९८१ च्या पहिल्या अवताराची, ‘डाँकी काँग’मधली. मोजक्या ठिपक्यांत केस काढणे जमेना म्हणून टोपी आली, आणि नाक उठून दिसावे म्हणून मिशी. जगातला बहुधा सर्वांत प्रसिद्ध नळकारागीर अशा रीतीने अडचणीच्या पोटी जन्मला!

पण या खेळाची खरी थोरवी त्याच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात आहे. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूस उभा, उजवीकडे मोकळी जागा; म्हणजे जायचे कोठे हे न सांगता कळते. समोरून एक रागीट प्राणी येतो. त्याला धडकले की मरण, म्हणून खेळाडू उडी शिकतो. उडी मारता मारता डोक्यावरच्या ठोकळ्याला धक्का बसतो व त्यातून अळंबी निघते. ती पुढे घसरत जाते, नळाला आपटून उलट फिरते आणि बहुधा खेळाडूच्या अंगावरच येते. भिऊन तो दूर होऊ पाहतो, पण ती लागते आणि मारिओ मोठा होतो. एक अक्षर न वापरता दिलेला हा धडा कोणाही शिक्षकाने अभ्यासावा असा आहे. उणीवही सांगितली पाहिजे: येथे पडदा पुढेच सरकतो, मागे टाकलेले पुन्हा पाहता येत नाही. आणि राजकन्येला करण्याजोगे काम एवढेच, की तिने सुटकेची वाट पाहावी.

आपल्याकडे हा खेळ आला तो बहुतांशी नव्वदीच्या दशकात, आणि तोही नक्कल केलेल्या यंत्रांवर. त्यांच्या कार्ट्रिजला मुले ‘कॅसेट’ म्हणत. कॅसेटवर शेकड्यांनी खेळांचा आकडा छापलेला असे आणि आत तेच दहावीस खेळ फिरून फिरून येत. मूळ कंपनीच्या हिशेबात या मुलांची नोंद नसेल. पण महाराष्ट्रातील एका पिढीच्या मनोरंजनाचा इतिहास त्या नकली पेट्यांवाचून लिहिता येणार नाही.

तिन्ही खेळांचा विचार एकत्र केला तर तात्पर्य असे निघते: टंचाई आपोआप कला निर्माण करीत नाही, तसे असते तर त्या काळचा प्रत्येक खेळ श्रेष्ठ ठरता. टंचाईने एवढेच केले, की काय ठेवायचे आणि काय सोडायचे याचा निर्णय कर्त्याला टाळता आला नाही. ज्यांनी तो विचाराने घेतला त्यांचे खेळ टिकले.

टिकले, असे आम्ही म्हटले खरे. पण येथेच चिंतेची बाब आहे. आपल्या लेण्यांत व नदीकाठच्या घाटांवर दगडात कोरलेले खेळांचे पट आढळतात. पट शिल्लक आहे, पण त्यातल्या काहींवर नेमके काय व कसे खेळत, हे सांगणारे कोणी उरले नाही. नियम माणसांच्या मुखी होते. माणसे गेली, नियमही गेले. व्हिडिओ गेमची गोष्ट याच्या उलट. त्याचे नियम यंत्राच्या पोटात बंद असतात, आणि यंत्र बंद पडले की पट व नियम दोन्ही एकदम जातात. ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ बाजारात रीतसर मिळत नव्हते. मारिओसारखे भाग्यवान खेळ पुन्हा पुन्हा विकले जातात, बाकीच्यांचे काय? असे खेळ ग्रंथालयांनी संशोधकांना दुरून वापरू द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. कोजी कोंदो यांनी रचलेली मारिओची धून मात्र २०२३ मध्ये तेथील राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-सूचीत दाखल झाली होती. सुरांना जो मान मिळाला तो खेळाला मिळू नये, यात न्याय दिसत नाही.

जुना खेळ चालू स्थितीत राखल्याने काय साधते, असे कोणी विचारील. टेट्रिसच्या १९८९ च्या निन्टेन्डो आवृत्तीला शेवट नाही, असे दीर्घकाळ मानले जाई. डिसेंबर २०२३ मध्ये तेरा वर्षांच्या एका अमेरिकन मुलाने तो खेळ इतका पुढे नेला की यंत्रच थबकले. हाताने खेळून तेथवर पोहोचलेला तो पहिला. म्हणजे चौतीस वर्षांनंतरही त्या खेळाविषयी नवे असे काही कळावयाचे उरले होते, आणि ते वर्णन वाचून किंवा छायाचित्र पाहून कळले नसते. जुन्या बखरी आपण पुन्हा वाचतो त्या याचसाठी.

म्हणून श्रोत्यांना आमची विनंती एवढीच आहे. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर असे एखादे जुने यंत्र, पिवळी पडलेली एखादी कॅसेट असेल, तर ती भंगारवाल्याच्या तराजूत घालण्यापूर्वी थोडे थांबावे. ते चालते का पाहावे. ते कोठून व कोणत्या साली घेतले, घरात कोण कोण खेळे, याची चार ओळींची नोंद करून त्यासोबत ठेवावी. मॉस्को, केंब्रिज आणि जपान येथले इतिहास लिहिणारे आहेत. आपल्या घरातला आपणच लिहावयाचा आहे.